वहिनी बाकड्यावर राहिली

मंडळाचं नाव ‘मुक्तपाऊल’. ते काढलं दादानं, त्यामुळे त्यात ना पाऊल मुक्त होतं ना माणूस. असं मेट्रनचं मत होतं, आणि मेट्रनची मतं इस्पितळातल्या सुयांसारखी उकळून, पुसून, रांगेत मांडून ठेवलेली असत. केव्हाही उचला आणि टोचा.

इस्पितळातलं मुख्य नर्सचं काम सोडून तिला बरीच वर्षं झाली होती, पण दूधवाल्यापासून शेजारच्या वकिलापर्यंत सगळे तिला मेट्रनच म्हणत. लग्न केलं नव्हतं. दोन खोल्यांत एकटी राहायची. दादा तिचा सख्खा मोठा भाऊ. तो ज्या कचेरीतून निवृत्त झाला, तिथं त्याचं काम एकच: लोकांचे अर्ज तांबड्या शाईनं परत पाठवणं. निवृत्तीनंतर परत पाठवायला काही उरलं नाही, तेव्हा त्यानं माणसांनाच निसर्गाकडे परत पाठवायचं ठरवलं.

“गाडी लागत नाही, घोडा लागत नाही,” तो सांगायचा. “शहराची बस शेवटच्या स्टॉपला जाते, तिथून पुढं शेतं आहेत, तळी आहेत, कालवा आहे. तिकीट काढा, निसर्ग गाठा!”

विचार वाईट नव्हता. दादाच्या डोक्यात आला, एवढंच त्याचं दुर्दैव. कारण स्वतः दादा बसनं जायचाच नाही. मंडळात एक बँकवालं जोडपं होतं, नवरा-बायको एकसारख्या पिवळ्या टोप्या घालणारं. त्यांच्या गाडीतून तो शेवटून दुसऱ्या स्टॉपपर्यंत यायचा, झाडाखाली गाडी लावून तिघं बसची वाट बघायचे, आणि एका स्टॉपापुरते आत चढायचे. मग शेवटच्या स्टॉपला दादा पायरीवरून उतरताना फोटो. डोक्यावर हॅट, गळ्यात शिट्टी, हातात घडीची काठी. जणू स्वारी महिनाभर प्रवास करून आली आहे.

अख्खा रस्ता बसनं यायची ती वहिनी, दादाची बायको. मांडीवर सगळ्यांच्या खाण्याची पिशवी. आणि तिच्या शेजारी मेट्रन.

मेट्रन का जायची? विचारलं तर सांगायची, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय. खरं कारण असं की रविवार फार लांब असतो, आणि माणसांना तुच्छ मानायचं तर त्यालाही ताजा माल लागतो. चार भिंतींत तो मिळत नाही. मंडळात मात्र तो आयता मिळायचा. टोपीवाले होते. एक दंतवैद्य होता, जो दिसेल त्या पक्ष्याकडे बोट करून “बहुतेक बगळा” म्हणायचा, आणि तो कावळा निघाला तरी वरमायचा नाही. आणि दादा तर होताच. परतीच्या बसमध्ये मेट्रन वहिनीच्या कानाशी लागून एकेकाची सालं काढायची आणि वहिनी तोंडाला पदर लावून हसायची. मेट्रनला वाटायचं, बिचारीच्या आयुष्यात तेवढीच काय ती करमणूक.

त्या रविवारी कालव्याकाठची वाट ठरली होती. शेवटचा स्टॉप पाण्याच्या टाकीपाशी. तिथून शेतांमधून कालव्यावर जायचं, काठानं जुन्या पुलापर्यंत चालायचं, आणि त्याच वाटेनं परत. पुलावरूनही दुसरी एक बस शहरात येते, पण दादा म्हणाला, “आलो तसं परत जाणं हाच खरा चालण्याचा कस.”

वहिनी टाकीपाशी उतरली तीच लंगडत.

“काय गं झालं?” मेट्रननं विचारलं.

“काही नाही वन्सं. बूट नवे आहेत.”

बूट दादानं आणले होते. वहिनीला दुकानात न नेता, अंदाजानं. बायकोच्या पायाचा अंदाज त्याला इतक्या वर्षांत आला नव्हता, यात मेट्रनला नवल वाटलं नाही. घट्ट होतात म्हटल्यावर तो म्हणाला होता, “पाय सरावतील.” बूट सरावतील असं नव्हे, पाय सरावतील.

दादानं शिट्टी वाजवली आणि सगळे निघाले.

कालवा काही चित्रातला नव्हता. दोन्ही काठांना सिमेंटचा गिलावा, जागोजाग तडकलेला, आणि भेगांतून गवत उगवलेलं. पाणी हिरवट आणि संथ, त्यावर एखादी प्लॅस्टिकची बाटली अशी डौलात चाललेली की दंतवैद्यानं तिलाही बगळा म्हटलं असतं. पण पलीकडे वाऱ्यानं वाकणारं उभं पीक होतं, बदकं होती, पाण्यावर चतुर भिरभिरत होते. गप्प बसता आलं तर जागा छान होती. दादाला ते कुठलं यायला! कालव्याची लांबी, खोली, त्याचं उद्घाटन, उद्घाटनाच्या दिवशी त्याला स्वतःला मिळालेली खुर्ची, सगळं त्यानं सांगून टाकलं. टोपीवाले माना डोलवत होते. दंतवैद्य मेट्रनजवळ येऊन म्हणाला, “मॅडम, तुमची वरची दाढ अजून शाबूत आहे का हो?” मेट्रननं त्याच्याकडे असं पाहिलं की तो दोन पावलं मागंच राहिला, आणि ती झपाझप पुढं निघाली.

वाटेत काठाला एक लोखंडी बाकडं होतं. मागं वळून पाहिलं तेव्हा दादा वहिनीला त्यावर बसवत होता. “तुझ्यामुळं सगळ्यांची गती मोडते,” एवढं मेट्रनला वाऱ्याबरोबर ऐकू आलं. “बस इथं. येताना घेऊन जाऊ.” वहिनीनं मेट्रनच्या दिशेनं हात वर केला. ‘तुम्ही व्हा पुढं’ असंच म्हणत असणार. मेट्रननंही हात केला आणि ती पुढं झाली.

पुलापाशी एक चहाची टपरी होती. चहा झाला. पाय दुखायला लागले होते, ऊन चढलं होतं. तेवढ्यात धूळ उडवत बस आली आणि टोपीवाली बाई म्हणाली, “भाऊ, हीच धरू या का? गाडी कुणाकडून तरी आणवून घेऊ.” कस बिस सगळं बाजूला राहिलं. दादा पहिला चढला. आठवड्यातून एकदा तरी हा माणूस घाईनं बसमध्ये चढतो, हे बघून मेट्रनला हसू आलं, आणि त्या हसण्याच्या नादात तीही चढली.

बस सुटली. खिडकीशी बसल्यावर मेट्रननं सवयीनं माणसं मोजली. वॉर्डातली सवय, खाट रिकामी असली की डोळ्याला खुपते. तिच्या शेजारची जागा रिकामी होती.

“दादा, वहिनी कुठंय?”

दादानं हॅट वर केली. “अरे हो.”

“अरे हो म्हणजे?”

“येईल ती. काय कुक्कुलं बाळ आहे? टाकीपाशी स्टॉप आहे, बसेल बसमध्ये. आणि पिशवी तिच्याकडेच आहे, उपाशी काही मरत नाही.”

टोपीवाला हसला. हसणं चुकलं असं वाटून त्यानं ते खोकल्यात घातलं.

मेट्रननं फोन काढून वहिनीचा नंबर लावला. दोन सीट पुढं दादाच्या खिशात घंटी वाजू लागली.

सगळी बस ऐकत होती. दादा खिशावर हात ठेवून म्हणाला, “माझी बॅटरी संपली होती. नकाशा बघायला तिचा घेतला होता.”

“नकाशा? सरळ कालवा आहे तो! त्याला वळण तरी आहे का?”

“तू उगाच आवाज चढवू नकोस. लोक बघतायत.”

वडील शेवटच्या आजारात होते तेव्हाही हा असाच होता. आत ते धापा टाकत होते आणि हा व्हरांड्यातल्या पाट्यांवरच्या शुद्धलेखनाच्या चुका काढत उभा होता. तेव्हाही लोक बघत होते. मेट्रन उठली आणि तिनं घंटीची दोरी ओढली.

“इथं स्टॉप नाही बाई,” कंडक्टर म्हणाला.

“मग करा.”

कंडक्टरनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि केला. दंतवैद्य सीटवरून अर्धा उठला, “मी येऊ का सोबत?” असं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता गुडघा चोळत परत बसला. बाकी कुणी हललं नाही. दादा खिडकीतून म्हणाला, “पोचलीस की फोन कर.” कुणाला, हे काही त्यानं सांगितलं नाही.

पुलापर्यंतच मेट्रनला दम लागला. तिथून कालव्याची वाट. सकाळी तीच वाट माणसांच्या बडबडीत संपली होती. आता संपता संपेना. चालता चालता ती दादाला मनातल्या मनात सोलत होती. हा सेनापती! स्वतःचं घरचं माणूस रणात टाकून येणारा. आणि ते टोपीवाले, त्याची पालखी वाहणारे. दगडाला शेंदूर फासला तर तो निदान गप्प तरी बसतो. तिला नवी नवी विशेषणं सुचत होती, आणि वहिनीला ती कधी एकदा ऐकवते असं झालं होतं.

बाकडं दिसलं. बाकड्यावर कुणी नव्हतं.

खाली बूट होते. वहिनीचे. दोन्ही नीट जोडून, पाण्याकडे तोंड करून ठेवलेले.

मेट्रननं आयुष्यात पुष्कळ काही पाहिलं होतं. असे बूट पाहिले नव्हते. तिनं पाण्याकडे पाहिलं. पाणी हिरवट, संथ, काही न सांगणारं. तिनं हाक मारली. ती कुणा परक्या बाईची वाटावी अशी होती.

“वहिनीऽऽ!”

“इथं आहे हो. ओरडताय कशाला, बदकं पळतील.”

थोडं पुढं काठाला पाण्यात उतरणाऱ्या पायऱ्या होत्या. शेवटच्या पायरीवर वहिनी बसली होती. साडी गुडघ्यापर्यंत, पाय पाण्यात, मांडीवर पिशवी. एका हातात उकडलेलं अंडं, दुसऱ्या हातानं ती मंडळाचा पाव कुस्करून बदकांना टाकत होती. सगळ्यांचा वाटा होता तो. बदकं तृप्त दिसत होती.

मेट्रन धपकन वरच्या पायरीवर बसली. तिला रडू येत होतं आणि ते येतंय याचा भयंकर राग येत होता. म्हणून ती दादावर घसरली. बसमध्ये काय झालं, फोन कसा वाजला, टोपीवाला कसा खोकला, सगळं तिनं रंगवून सांगितलं. दर वेळी वहिनी हसायची त्या जागा आल्या आणि गेल्या. वहिनी हसली नाही.

“मला माहीत होतं,” ती म्हणाली.

“काय?”

“हे परत येणार नाहीत ते. मला इथं बसवल्यावर टोपीवाल्यांना म्हणत होते, पुलावरूनच बस धरू, उन्हात परत कोण तंगडतोड करतंय. मला ऐकू येतं हे त्यांच्या लक्षातच येत नाही. म्हटलं, बघू या, कुणाच्या ध्यानात येतं.”

“मी आले ना!”

“आलात. पण वन्सं, सकाळी तुम्हीसुद्धा माझ्याकडे बघून पुढं गेलात.”

“तूच हात केलास, पुढं व्हा म्हणून.”

“थांबा म्हणून केला होता.”

बदकं पाव संपवून पंख झाडत निघून गेली. मेट्रनचा स्वतःवरचा विश्वास असा की समोरच्याच्या नुसत्या डोळ्यांवरून ती ताप सांगायची, आणि साधा वर केलेला हात तिला कळला नव्हता.

“तुम्ही ह्यांना नावं ठेवता,” वहिनी पाण्यात पाय हलवत म्हणाली, “ऐकायला मजा येते. खोटं कशाला बोलू? पण बस थांबली की तुम्ही तुमच्या घरी जाता आणि मी ह्यांच्या घरी. तुमच्या त्या बोलण्याचा मला उपयोग काय? हसून हसून माझं तोंड दुखतं, एवढंच.”

“मग मी काय करायला हवं होतं?”

“ते मी कसं सांगू? तुम्ही शहाण्या.” वहिनीनं अंड्याचा शेवटचा घास खाल्ला, हात धुतले. मग अगदी सहज, भाजी काय करू असं विचारावं तशा सुरात ती म्हणाली, “मी आज घरी जाणार नाहीये.”

“मग कुठं जाणार?”

“तुमच्याकडे.”

मेट्रनच्या डोळ्यांसमोर तिच्या दोन खोल्या उभ्या राहिल्या. तिची एक खाट. घडीबंद टॉवेल. कपाटात उंचीप्रमाणे लावलेल्या बाटल्या. त्या घरात तिच्याशिवाय कुणी झोपलेलं नव्हतं. माणसं बाहेरच तपासून बाहेरच नापास केली की आत घ्यायची वेळच येत नाही.

“मी घोरते,” ती म्हणाली.

“ह्यांच्याइतकं कुणी घोरत नाही.”

“मला सकाळी कुणी बोललेलं चालत नाही.”

“मी रेडिओशी बोलेन.”

“किती दिवस?”

वहिनीनं पाय पाण्यातून काढून पायरीवर ठेवले. मेट्रननं गळ्यातला स्कार्फ सोडला, तो मधोमध फाडला, आणि खाली उतरून वहिनीचे पाय मांडीवर घेतले. टाचा सोलवटल्या होत्या, करंगळीवर फोड फुटला होता. तिनं पाय पुसून नीट बांधले, गाठी आतल्या बाजूला, बोटं मोकळी. हे काम तिला येत होतं. ती म्हणाली, “हे पाय घेऊन तू इथवर चाललीस आणि मी दंतवैद्यावर चिडत पुढं गेले. ऊठ.”

बूट बाकड्याखालीच राहिले. घेऊ का, असं दोघींपैकी कुणी विचारलं नाही.

टाकीपाशी बस आली. कंडक्टरनं त्या बांधलेल्या पायांकडे पाहून तोंड उघडलं, मेट्रनकडे पाहिलं आणि मिटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादा आला. आत ये म्हणायची मेट्रननं तसदी घेतली नाही, आणि उंबरा ओलांडायची त्याची छाती झाली नाही.

“हे काय नाटक चालवलंय?”

“दार आहे हे, रंगमंच नाही. हळू बोल.”

“गिझरचं बटण कुठलं तेवढं विचार तिला. एक दाबलं तर पंखा लागतो.”

वहिनी आतून आली. पायात मेट्रनच्या सपाता, दोन बोटं बाहेर आलेल्या. “माझा फोन आणलात?”

दादानं खिसे चाचपले. एकातून शिट्टी निघाली, दुसऱ्यातून पुढच्या रविवारचं पत्रक. तो खरोखरच गोंधळलेला दिसला. हा माणूस दुष्ट नाही, मेट्रनच्या मनात आलं. दुष्ट व्हायला समोरचं माणूस दिसावं लागतं. एवढीही ऐपत नाही ह्याची.

“मंडळात मी काय सांगू?” तो म्हणाला. “लोक विचारतील.”

“विचारलं नाही तर सांगू नका,” वहिनी म्हणाली. “काल बसमध्ये वन्संशिवाय कुणी विचारलं होतं?”

“मी विसरलो, झालं! माणूस विसरत नाही का?”

“विसरतं ना. पण तुम्हाला हॅट कधी विसरलेली मी पाहिली नाही. फोन पाठवा कुणाच्या तरी हाती. माझ्या चार साड्या आणि औषधाचा डबाही. आणि डावीकडून तिसरं.”

“काय तिसरं?”

“बटण.”

तिनं दार लावलं. आदळलं नाही, साधं लावलं. मेट्रनला त्या क्षणी दादाबद्दल एक जबरदस्त वाक्य सुचलं होतं. ते तिनं गिळलं. सोपं गेलं नाही. इतकं चविष्ट काही तिनं आजवर वाया घालवलं नव्हतं.

फोन आणि साड्या आल्या, दंतवैद्य घेऊन आला. त्या दिवशी आपण उठणारच होतो, केवळ गुडघ्यामुळं, असं तो दारातच सांगू लागला. मेट्रननं पिशवी घेतली आणि त्याला गुडघ्याला शेक द्यायला सांगून वाटेला लावलं.

दादानं मंडळात सांगितलं की बायको विश्रांतीसाठी मेट्रनकडे आहे. मग सांगितलं की बहिणीची तब्येत बरी नसते, तिला सोबत हवी. ते मेट्रनच्या कानावर आलं तेव्हा तिनं वहिनीसमोर त्याचा असा समाचार घेतला की वहिनी हसली. पोट धरून हसली, आणि हसणं आवरल्यावर म्हणाली, “आता ह्याचं काय करायचं?” म्हणून दोघी बँकेत गेल्या आणि वहिनीच्या कागदांवर नवा पत्ता घालून आल्या.

घर काही सुखानं भरून वगैरे वाहिलं नाही. वहिनी टूथपेस्ट मधूनच दाबते, दिवे जळते ठेवते, रेडिओवरच्या बातम्या देणाऱ्याला “असं कसं रे बाबा?” विचारते. मेट्रन हे सगळं तुच्छतेनं पाहते, पण आता तोंडावर सांगते. वहिनीही उलटून बोलते. तिला इतकं बोलता येतं हे मेट्रनला ठाऊक नव्हतं, आणि अधूनमधून वाटतं, ठाऊक नव्हतं तेच बरं होतं.

रविवारी त्या कुठं जात नाहीत. मधल्या वारी जातात, बस रिकाम्या असतात तेव्हा. वहिनीनं स्वतः दुकानात बसून, सहा जोड घालून पाहून, दुकानदाराला रडकुंडीला आणून रुंद तोंडाच्या चपला घेतल्या आहेत. गेल्या खेपेला दोघी एका टेकडीमागच्या तळ्यावर गेल्या, जिथं दादाचं मंडळ कधी गेलेलं नाही, कारण तिथं गाडी लावायला झाड नाही. स्टॉपवर उतरल्यावर डावीकडे जायचं की उजवीकडे यावरून त्यांचं जोरदार भांडण झालं. मेट्रन डावीकडे म्हणत होती. वहिनी सरळ उजवीकडे चालायला लागली. मेट्रन थोडा वेळ तिथंच उभी राहून सबंध जगाला नावं ठेवत होती, मग तिच्या मागं गेली. तळं उजवीकडे नव्हतं. पण तिकडे बोरांची झुडपं होती, आणि दोघींनी दात आंबेपर्यंत खाल्ली.